घरोघरी लक्ष्मी पोहोचविणारा चित्रकार : राजा रविवर्मा

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी चौरंग मांडावा, त्यावर तांदळाची रास घालून कलश ठेवावा, केरसुणीला हळदकुंकू वाहावे, वहीखात्यांवर स्वस्तिक रेखावे आणि मध्यभागी लक्ष्मीची तसबीर उभी करावी, ही आपल्या घरांतील परिपाठाची पूजा. तसबिरीतील ती मूर्ती आपल्या इतकी ओळखीची आहे की, डोळे मिटले तरी ती दिसते. कमळावर उभी असलेली चतुर्भुजा, अंगावर जरीकाठी साडी, दोन हातांत कमळे, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती आणि जळात विहरणारे हंस. लक्ष्मी अशीच असते, असे आपण मानतो. आपल्या आजीनेही तसेच मानले होते. परंतु या रूपाला जेमतेम सव्वाशे वर्षे झाली आहेत, आणि ते कोणा एका माणसाच्या कुंचल्यातून उतरले आहे, याचे भान पूजेच्या गडबडीत आपणांस क्वचितच असते.

दीपावलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही त्या माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. राजा रविवर्मा हे त्यांचे नाव. जन्माने ते केरळचे, परंतु त्यांची लक्ष्मी घरोघर गेली ती महाराष्ट्राच्या भूमीवरील छापखान्यातून. कार्ल्याच्या एकवीरेला जाणारे आमच्या वसई-विरारकडील आगरी-कोळी भाविक ज्या मळवली स्थानकावर उतरतात, त्याच मळवलीस हा छापखाना अनेक दशके चालू होता.

किळिमानूरचा बालक

त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी रविवर्म्यांचा जन्म झाला. घराणे राजकुळाशी सोयरीक असलेले. वडील नीलकंठन भट्टतिरिपाद हे वेदविद्येत निष्णात, तर आई उमा अंबाबाई कवयित्री. पार्वतीस्वयंवरावर तिने काव्य रचले होते. अशा घरात रामायण-महाभारत आणि भागवत पोरांच्या कानांवर सकाळ-संध्याकाळ पडत असे. रविवर्मा लहानपणी कोळशाने वाड्याच्या भिंती रंगवीत. नोकर कुरकुरत, परंतु मामा राजराजवर्मा स्वतः चित्रकार असल्याने त्यांना भिंत खराब झालेली न दिसता पोराचा हात दिसला. त्यांनीच भाच्याला पहिले धडे दिले.

१८६२ साली, चौदाव्या वर्षी, मामा त्यांना तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी घेऊन गेले. महाराज कलेचे भोक्ते होते. त्यांनी मुलाला आश्रय दिला, ग्रंथालय आणि चित्रसंग्रह खुला केला. परंतु तैलरंगांची विद्या त्या काळी फारच थोड्यांना अवगत होती, आणि ज्यांना होती ते ती जिवापाड जपत. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी या तरुणाला शिकविण्याचे टाळले. पुढे १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही हाती धरून शिकविले नाही. काम करताना पाहत बसण्याची तेवढी परवानगी दिली. रविवर्म्यांनी पाहिले, लक्षात ठेवले आणि एकांतात पुनःपुन्हा करून पाहिले. एकलव्याची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. येथे तर गुरूची मूर्तीही नव्हती, केवळ दुरून घेतलेले दर्शन होते.

मूकांबिकेच्या चरणी

चित्रकला हा व्यवसाय म्हणून पत्करणे त्या काळच्या कुलीन माणसाला सोपे नव्हते. मूर्ती घडविणे, चित्रे काढणे हे कारागिरांचे काम समजले जाई. ब्राह्मण-क्षत्रियांच्या कुळातील पुरुषाने त्यावर पैसा घ्यावा, हे आप्तेष्टांना रुचण्यासारखे नव्हते. रविवर्म्यांनी निर्णय घेण्याआधी देवीचा कौल घेतला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८७० साली ते कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनास गेले, तेथे त्यांनी एकेचाळीस दिवसांचे व्रत केले आणि परतल्यावर मोबदला घेऊन चित्रे काढण्यास आरंभ केला. मूकांबिका ही विद्येची आणि कलेची देवता. पुढे लक्ष्मी-सरस्वतीची जी रूपे त्यांच्या हातून उतरली, त्यांचे बीज या व्रतात होते, असे मानण्यास भाविक मनाला काहीच अडचण पडू नये.

यश वेगाने आले. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या चित्राचा गौरव झाला. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनास त्यांची दहा चित्रे गेली आणि पारितोषिके घेऊन आली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी जगाला हिंदू धर्माची ओळख करून दिली, हा योगायोग चिंतनीय आहे. स्वतः रविवर्मा मात्र कधीही समुद्र ओलांडून परदेशी गेले नाहीत. परदेशगमन हा त्या काळच्या आचारात दोष होता. त्यांची चित्रे तेवढी गेली.

देवांना वस्त्र कोणते?

रविवर्म्यांना महाराष्ट्राकडे ओढून आणणारा माणूस मराठीच होता. सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. त्रावणकोरची दिवाणगिरी गाजवून ते पुढे बडोद्याचे दिवाण झाले होते. रविवर्म्यांची किंमत त्यांना आधीपासून ठाऊक होती. १८८१ साली सयाजीराव गायकवाडांच्या राज्याधिकारग्रहणाच्या समारंभासाठी त्यांनी रविवर्म्यांना बडोद्यास बोलावून घेतले. पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणप्रसंगांवरील चौदा चित्रांचे मोठे काम त्यांच्याकडे सोपविले.

येथे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. सीता, द्रौपदी, दमयंती यांना नेसवावे काय? केरळातील स्त्रियांचे वस्त्र निराळे, बंगाल्यांचे निराळे, पंजाब्यांचे निराळे. पुराणकाळचा पोषाख कोणी पाहिला होता? उत्तर शोधण्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानचा लांबचा प्रवास केला. देवळे पाहिली, तीर्थे पाहिली, लोकांचे पेहराव न्याहाळले. साऱ्या देशाला मान्य होईल असा एकच पोषाख मात्र कोठेही आढळला नाही. अखेर त्यांनी साडीची निवड केली, आणि ती रेखाटताना महाराष्ट्रातील स्त्रियांच्या नेसणीचा मोठा आधार घेतला. आज हिंदुस्थानच्या कोणत्याही कोपऱ्यात लक्ष्मी, सरस्वती, सीता यांचे चित्र काढावयाचे झाले तर त्यांना साडी नेसविली जाते. एवढी ती निवड अचूक ठरली. वरवर पाहता हा पोषाखाचा प्रश्न. परंतु केरळच्या भक्ताला आणि काशीच्या भक्ताला एकच देवी आपली वाटावी, हे त्यामागचे मर्म होते.

राजवाड्यातून माजघराकडे

बडोद्याची चित्रे अप्रतिम झाली. परंतु ती होती राजवाड्यात. एक तैलचित्र एकाच भिंतीवर लागणार, आणि ती भिंत कोणा संस्थानिकाची किंवा धनिकाची असणार. माधवरावांनी पूर्वीच त्यांना सुचविले होते की, चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवाव्यात, म्हणजे मागणी करणाऱ्या सर्वांची इच्छा पुरी होईल. रविवर्म्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. छापखानाच येथे आणावयाचे ठरविले. १८९४ साली मुंबईत गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत त्यांनी शिळाछापाचा कारखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आली, कसबी कारागीरही तेथूनच आले. 'शकुंतलाजन्म' हे चित्र प्रथम छापले गेले, आणि मागोमाग लक्ष्मी, सरस्वती व इतर देवदेवतांच्या तसबिरी बाहेर पडू लागल्या.

हे काम किती कष्टाचे होते, याची कल्पना आजच्या वाचकास येणे कठीण. बव्हेरियातील विशिष्ट जातीच्या चुनखडकाची जाड, गुळगुळीत शिळा घ्यावयाची. तिच्यावर तेलकट शाईने चित्राचा एकाच रंगापुरता भाग काढावयाचा. मग डिंक आणि आम्ल यांची प्रक्रिया करून शिळा ओली करावयाची. तेल आणि पाणी एकमेकांशी फटकून वागतात, म्हणून शाईचा रूळ फिरविला की रंग रेखाटलेल्या जागीच बसतो. असा प्रत्येक रंग निराळ्या शिळेवर. लक्ष्मीच्या साडीचा तांबडा एका शिळेवर, कमळाचा गुलाबी दुसऱ्या, त्वचेची छटा तिसऱ्या. एका तसबिरीला दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक शिळा लागत, आणि कागद प्रत्येक शिळेवर केसभरही न सरकता त्याच जागी बसावा लागे. तो सरकला की देवीचे ओठ गालावर जावयाचे. शेवटी वर रोगण चढवून तैलचित्राचा भास निर्माण करीत.

हीच शिळाछापाची विद्या त्या काळी युरोपात नाताळच्या सणालाही रंग देत होती. जर्मनीत छापलेल्या देवदूतांच्या रंगीत चित्रकटी चमचमत्या तारांत गुंफून नाताळच्या झाडावर टांगीत, आणि पुढच्या वर्षासाठी जपून ठेवीत. आमच्या वसईत ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या अंगणात डिसेंबरात गोठ्याचा देखावा आणि चांदणी पाहताना हे नाते ध्यानात यावे. आपल्याकडील गृहिणींनीही रविवर्म्यांच्या तसबिरींशी असेच केले. छापील लक्ष्मीच्या साडीवर खरी जर चिकटविली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसविले, सरस्वतीला कापडाचे वस्त्र नेसविले. छापखान्यातून आलेल्या हजारो सारख्या प्रतींपैकी एक प्रत अशा रीतीने त्या घराची, त्या हातांची होऊन जाई. अशा सजविलेल्या जुन्या तसबिरी आज संग्राहक मोठ्या आस्थेने शोधीत फिरतात.

बंद दारे आणि उघडी भिंत

देवदेवतांची छापील चित्रे रविवर्म्यांच्या आधी नव्हती असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने रामपंचायतनासारखी चित्रे महाराष्ट्रात पोहोचविली होती. देव्हाऱ्यात चांदीचे टाक, बाण, शाळिग्राम असतच. परंतु रविवर्म्यांच्या देवता पाहणाऱ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या मुखावर माणसाची माया होती, पावलांखाली खरे पाणी होते, मागे खरे आकाश होते. आपल्या घरातील सुवासिनी जशी दारात उभी राहावी, तशी लक्ष्मी उभी होती.

ही तसबीर कोणालाही मिळू शकत होती, यातच तिचे खरे महत्त्व आहे. त्या काळी हिंदू समाजातील कितीतरी लोकांना देवळाच्या पायरीशीही उभे राहू दिले जात नव्हते. ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांना गाभाऱ्यातील देव कसा आहे हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक नव्हते. तसबिरीला पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. बाजारातून आणावी, मातीच्या भिंतीवर टांगावी, दोन फुले वाहावीत. देवी घरी आली. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला, पंढरपूरला साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले. त्याच्या कितीतरी आधी देव कागदावर बसून देवळाबाहेर पडला होता. आपल्या धर्माचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने येथे क्षणभर थांबून अंतर्मुख व्हावे, असे आम्हांस वाटते. देवाला भक्तापासून दूर ठेवणारे आपणच होतो, आणि तो देव भक्तापर्यंत पोहोचावा म्हणून एका चित्रकाराला दगड आणि शाई यांचा आश्रय घ्यावा लागला.

या कथेला एक उत्तरार्धही आहे. रविवर्म्यांच्या दोन नाती १९०० साली त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. त्यांपैकी सेतु पार्वतीबाई यांचे चिरंजीव चित्तिर तिरुनाळ पुढे त्रावणकोरच्या गादीवर आले, आणि १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांनी संस्थानातील देवळे सर्व हिंदूंना खुली केल्याची घोषणा काढली. पणजोबांनी देव देवळाबाहेर आणला, पणतूने भक्तांना देवळात नेले.

लक्ष्मी दिली, लक्ष्मी गेली

घरोघरी लक्ष्मी धाडणाऱ्या या माणसावर लक्ष्मी मात्र प्रसन्न झाली नाही. छापखान्याचा व्याप अवाढव्य होता. यंत्रे, शिळा, शाई, परदेशी कारागिरांचे पगार यांचा खर्च थांबत नव्हता. १८९६ पासून मुंबईत प्लेगाने थैमान घातले. माणसे शहर सोडून पळू लागली. भागीदारीही टिकली नाही. १८९९ मध्ये छापखाना मळवलीस हलविण्यात आला. हवा चांगली, आगगाडीची सोय जवळ; तरीही कर्ज वाढतच गेले. रविवर्मा संस्थानोसंस्थानी फिरून चित्रे काढीत, आणि त्या मिळकतीतून छापखान्याची तूट भरून काढण्याची धडपड करीत. हिशेबाचा आणि देखरेखीचा बराचसा भार राजराजवर्म्यांवर होता. त्यांनी लिहिलेली १८९५ ते १९०४ या काळातील रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली असून, या दोन भावांच्या प्रवासांचा आणि विवंचनांचा तो विश्वासार्ह साक्षीदार आहे.

अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकावा लागला. चित्रे छापण्याचे हक्कही त्याबरोबर गेले. श्लायशर व्यवहारचतुर होते. तसबिरींबरोबर मालाच्या चिठ्ठ्या आणि जाहिराती छापून त्यांनी धंदा सावरला. ज्याने स्वप्न पाहिले त्याच्या पदरी कर्ज आले आणि फळ दुसऱ्याच्या झाडाला लागले. परंतु रविवर्म्यांच्या देवता छापल्या जात राहिल्या, आणि घरोघर जात राहिल्या.

याच छापखान्यात एका मराठी तरुणाने काही काळ काम केले. धुंडिराज गोविंद फाळके त्याचे नाव. पुढे ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्र पाहताना या तरुणाच्या मनात आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर हलावेत अशी ऊर्मी उठली, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. रविवर्म्यांनी देवांना माणसासारखे उभे केले. दादासाहेब फाळक्यांनी त्यांना चालविले.

अखेरचे दिवस

१९०४ मध्ये सरकारने रविवर्म्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. गादीवरचे राजे ते कधीच नव्हते; परंतु राजा ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली. सन्मानाचा आनंद मात्र फार टिकला नाही. १९०५ च्या आरंभीच राजराजवर्मा निवर्तले. लक्ष्मणावाचून राम कसा राहील, याची कल्पनाच करावी. मधुमेहाने देह पोखरला होता, तरी म्हैसूरच्या महाराजांसाठी हाती घेतलेली पुराणचित्रे त्यांनी पुरी केली. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

मृत्यूनंतर टीकेचे वारे वाहू लागले. त्यांची कला युरोपाची नक्कल आहे, त्यांच्या देवता नाटकातील नट्यांसारख्या दिसतात, असे बंगालमधील नव्या पंथाचे चित्रकार आणि आनंद कुमारस्वामींसारखे मीमांसक म्हणू लागले. या आक्षेपांत तथ्य नव्हतेच असे म्हणता येणार नाही. अजिंठ्याच्या आणि वेरुळच्या परंपरेपासून रविवर्म्यांची वाट निराळी होती, हे उघड आहे. तथापि पंडितांचा निकाल आणि भक्तांचा निकाल नेहमी एकच असतो असे नाही. भक्तांनी आपला निकाल भिंतीवर खिळा ठोकून केव्हाच दिला होता. पुढे १९७९ साली भारत सरकारने रविवर्म्यांच्या चित्रांची गणना राष्ट्रीय कलानिधीत केली. ती देशाबाहेर नेण्यास आता मनाई आहे.

मळवलीचा तो छापखाना १९७२ साली आगीत भस्मसात झाला. ज्या शिळांवर देवता रेखाटल्या होत्या, त्यांपैकी पुष्कळशा त्या आगीत नष्ट झाल्या. शिळा गेल्या, परंतु त्यांवरून उमटलेली रूपे तोवर शिळेच्या आधाराची राहिली नव्हती. आज दिनदर्शिकेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, रिक्षाच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर जी लक्ष्मी दिसते, ती काढणाऱ्याने रविवर्म्यांचे नावही ऐकलेले नसेल. तरी कमळ तेच, हत्ती तोच, साडीची नेसण तीच.

आमच्या वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या घरी आजेसासूच्या वेळची एखादी जुनी तसबीर माळ्यावर पडलेली असेल. काच तडकलेली, कागद पिवळा पडलेला, जर काळी झालेली. दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर निघेल. नवी चकचकीत तसबीर आणली म्हणून जुनी पाण्यात सोडण्याची घाई करू नये. ती पुसून, तिच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव आहे का ते पाहावे. त्या कागदात एका चित्रकाराचे आयुष्य, त्याच्या भावाचे श्रम, अनामिक कारागिरांची नजर आणि आपल्याच घरातील कोणा गृहिणीने सुईदोऱ्याने वाहिलेली सेवा एकत्र आलेली आहे. लक्ष्मी चंचल म्हणतात. परंतु जिने स्वतःच्या चित्रकाराकडे पाठ फिरविली, ती त्याने काढलेल्या रूपात गरिबाच्या भिंतीवर मात्र स्थिर राहिली आहे.